केळी खाऊनही पोटॅशियम खालीच? जुनाट पोटविकारात गळती कशी शोधायची

रिपोर्टात पोटॅशियम ३.१ येतं. घरात केळ्यांच्या फण्या येतात, रोज एक शहाळं सुरू होतं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त दिलं की आकडा ३.० किंवा फार तर ३.२. मग कुणी काकवी सुचवतं, कुणी कसली तरी पावडर. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याच्या जुनाट सुजेचे आजार) असलेले, आतड्याचा तुकडा काढलेले, आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी असलेले, वर्षानुवर्षं जुलाबांनी हैराण झालेले, अशा बऱ्याच जणांच्या घरी हे असंच चालतं. खाणं वाढवलं जातं, पण पोटॅशियम जातंय कुठून हे बघितलं जात नाही. ते कसं शोधायचं आणि मग ताटात काय बदलायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

दोन गोष्टी आधीच. पुढचे आकडे मोठ्या माणसांचे आहेत, लहान मुलांना ते लावू नका. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर पोटॅशियम वाढवायचा कोणताही उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. त्या माणसाला शहाळंसुद्धा महागात पडू शकतं.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे साधारण ३.५ ते ५.० एमईक्यू (रिपोर्टावरचं mEq हे एकक) असावं लागतं. शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात दिसतं ते उरलेलं चिमूटभर. त्यामुळे रक्त घेताना पेशी फुटल्या की आकडा लगेच वर जातो. दंडाला पट्टा बांधून मिनिटापेक्षा जास्त ठेवला, 'मूठ उघडा-मिटा' करायला लावलं, बारीक सुईने जोरात ओढलं, तर आकडा खोटाच वाढतो. घरी येऊन घेतलेलं रक्त तसंच बर्फाच्या डब्यात ठेवून दुपारपर्यंत गावभर फिरलं, तरी तेच होतं. थंडीत पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, म्हणून नमुना वेगळा केल्याशिवाय बर्फात ठेवायचा नसतो.

आतड्याची सूज असलेल्यांत आणखी एक भानगड असते. आजार उसळला की प्लेटलेट वाढतात, पाच लाखांच्या वर सहज जातात. साध्या नळीत रक्त गोठताना या प्लेटलेट पोटॅशियम सोडतात आणि रिपोर्ट ५.६ दाखवतो, जेव्हा खरा आकडा ४.८ असतो. अशा वेळी लॅबला सांगायचं, 'हिरव्या झाकणाच्या हेपॅरिनच्या नळीत प्लाझ्मा पोटॅशियम करा.' दोन्ही आकडे शेजारी ठेवले की उलगडा होतो. पोटॅशियम ७ आणि त्याच रिपोर्टात कॅल्शियम अगदीच खाली असेल, तर जांभळ्या झाकणाच्या नळीतलं औषध नमुन्यात मिसळल्याची शक्यता मोठी, कारण त्या औषधात पोटॅशियमच असतं. तरीही वरचा आकडा आला तर 'खोटाच असेल' म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी ईसीजी काढायचा आणि रक्त पुन्हा द्यायचं.

याची उलटी बाजू जास्त फसवी आहे. पेशी फुटलेल्या नमुन्यात ३.४ आलं, तर खरा आकडा त्याहून कमी असणार. रिपोर्टखाली 'हिमोलाइज्ड' असं लिहिलेलं असतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

केळ्याचा हिशोब

डॉक्टर एक ढोबळ अंदाज धरतात: रक्तातला आकडा ०.३ ने उतरला, तर अख्ख्या शरीरात सुमारे १०० एमईक्यू पोटॅशियमची तूट असते. एक एमईक्यू म्हणजे ३९ मिलीग्रॅम. म्हणजे ३.५ वरून २.९ ला आलेल्या माणसाची तूट झाली जवळपास २०० एमईक्यू, म्हणजे ७,८०० मिलीग्रॅम. सोललेलं १०० ग्रॅमचं केळं देतं सुमारे ३५० मिलीग्रॅम. नुसती जुनी तूट भरायला बावीस केळी झाली, आणि रोजची गळती वेगळीच.

ती गळती किती? निरोगी माणसाच्या शौचातून दिवसाला १० एमईक्यूच्या आसपास जातं. पातळ जुलाबात लिटरमागे २० ते ५० एमईक्यू जाऊ शकतं. दिवसाला दीड लिटर जुलाब होणाऱ्या माणसाचं १,२०० ते २,९०० मिलीग्रॅम पोटॅशियम संडासातच गेलं. तिथे सकाळ-संध्याकाळच्या दोन केळ्यांनी काय होणार! केळं वाईट नाही, त्याच्याकडून अपेक्षा चुकीची ठेवली जाते.

म्हणून ३.० च्या खालचा आकडा खाण्याने भरून काढायच्या मागे लागू नका. ते काम औषधाचं. खाण्याचं काम म्हणजे औषधाने वर आलेला आकडा पुन्हा घसरू न देणं.

गळती कुठून?

इथे एक साधी, स्वस्त तपासणी फार उपयोगी पडते, आणि ती सांगितली जात नाही म्हणून राहून जाते: लघवीतलं पोटॅशियम आणि सोडियम. रक्तात पोटॅशियम कमी असताना लघवीतलंही कमी असेल (एका नमुन्यात साधारण २० च्या आत), तर मूत्रपिंड बिचारं धरून ठेवतंय आणि गळती आतड्यातून आहे. लघवीतलं जास्त असेल, तर पोटॅशियम लघवीवाटे चाललंय, मग संडास कितीही वेळा होत असो. तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना हे विचारा. चोवीस तासांची लघवी गोळा केली तर अधिक नेमकं कळतं.

लघवीवाटे जाण्याची कारणं पोटाच्या रुग्णांत तीन-चारच असतात, आणि बहुतेक सापडतात.

पहिलं, मिठाची तूट. पिशवीवाल्यांनी हे नीट वाचावं. इलिओस्टॉमीतून, म्हणजे लहान आतड्याला जोडलेल्या पिशवीतून, बाहेर पडणाऱ्या पाण्यात पोटॅशियम फारसं नसतं, लिटरमागे ५ ते १५ एमईक्यू. सोडियम मात्र १०० च्या आसपास असतं, म्हणजे लिटरमागे पावणेसहा ग्रॅम मीठ, सपाट भरलेला एक चहाचा चमचा. एवढं मीठ रोज गेलं की शरीर अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढवतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, सोडियम धर आणि पोटॅशियम सोड. म्हणजे पोटॅशियम कमी होण्याचं मूळ मीठ कमी पडण्यात असतं. अशा माणसाने केळी वाढवली आणि 'बीपी नको' म्हणून मीठ कमी केलं, की गाडी उलट्या दिशेला लागते. लघवीतलं सोडियम २० च्या खाली असेल तर हेच चाललंय असं समजा. मीठ आणि योग्य पेय पोटात गेलं की पोटॅशियम पुष्कळदा आपोआप सावरतं.

दुसरं, मॅग्नेशियम. हे कमी असेल तर मूत्रपिंडाला पोटॅशियम अडवताच येत नाही. कितीही सिरप प्या, चाळणीत पाणी. जुनाट जुलाब, लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असणं, आणि वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी पँटोप्रॅझोल-ओमेप्रॅझोलसारखी ॲसिडिटीची गोळी, या तिन्हींनी मॅग्नेशियम घटतं. ती गोळी कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केली होती हे पुष्कळांना आठवतही नाही. ती अजून लागते का, एवढं डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइड चालू असताना मनानेच बंद मात्र करू नका. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी जुलाब वाढू शकतात, म्हणून कमी-कमी मात्रेत विभागून देतात, आणि ते जमलं नाही तर शिरेतून. रक्तातलं मॅग्नेशियम काठावर असलं तरी पेशीतलं रिकामं असू शकतं. 'नॉर्मलमध्ये आहे' म्हणून विषय तिथेच मिटवू नका.

तिसरं, स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन ४० मिलीग्रॅमवर असलेल्या माणसाचं पोटॅशियम लघवीतून जातं, आणि त्याच दिवसांत जुलाबही चालू असतात. दोन्ही बाजूंनी गळती. स्टेरॉइड सुरू झालं की पहिल्या आठवड्यात एकदा इलेक्ट्रोलाइट (रक्तातले सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार) तपासून घ्यावेत. पायाच्या सुजेसाठी किंवा बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर तीही याच खात्यात मोडते.

चौथं कारण लघवीचं नाही, पण इथेच सांगितलेलं बरं. चार-पाच दिवस काहीच न खाल्लेला, वजन उतरलेला माणूस एकदम भात, साखरपाणी, ग्लुकोजची पावडर घेऊ लागला, की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकललं जातं. फॉस्फेट आणि मॅग्नेशियमही सोबत घसरतं. आकडा काल ३.४, आज २.८. लांबलेल्या उपासमारीनंतरचं खाणं थोड्या-थोड्या प्रमाणात आणि रक्त तपासत वाढवायचं असतं. फार अशक्त रुग्णाच्या बाबतीत हे दवाखान्यातच करावं.

ओआरएस: इथे सर्वांत जास्त चुका

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट एक लिटरचं असतं. त्यात मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सायट्रेट २.९ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. मिळून २०.५ ग्रॅम. एका लिटरमध्ये सोडियम ७५ आणि पोटॅशियम २० एमईक्यू येतं. म्हणजे लिटरभर ओआरएसमध्ये ७८० मिलीग्रॅम पोटॅशियम, दोन केळ्यांहून जास्त, तेही जुलाबातसुद्धा शोषलं जाईल अशा रूपात.

बिघडतं ते असं. अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं जातं. मग ते इतकं दाट होतं की आतड्यात उलट पाणी खेचतं आणि जुलाब वाढतात. किंवा 'चव नाही' म्हणून वरून साखर घालतात, त्यानेही तेच. किंवा थोडी पावडर आज, थोडी उद्या. पाकिटात घटक थर-थर बसलेले असतात, अर्ध्या पाकिटात कोणतं मीठ किती आलं ते कळत नाही. २०० मिलीचं छोटं पाकीट मिळतं, एकट्यासाठी तेच सोयीचं. लिटरचं असेल तर एक लिटर मोजून घ्या. रिकामी पाण्याची बाटली यासाठी उत्तम, तांब्याचा अंदाज नको. उकळून गार केलेलं पाणी, पूर्ण पाकीट, पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका. घोटा-घोटाने, दिवसभर.

मेडिकलच्या काउंटरवर फळांच्या चवीचे, रंगीत खोक्यांतले गोड पातळ पेय असतात. त्यांतल्या कित्येकांत साखर भरपूर आणि मीठ नावाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली, ती याच कारणासाठी. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का, एवढंच बघून घ्या.

पिशवीतून दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर जात असेल, तर साधं पाणी, चहा, सरबत पिऊन तहान भागवणं घातक ठरतं. मीठ नसलेलं पाणी आतड्यातून सोडियम ओढून घेऊन बाहेर पडतं. जितकं पाणी प्याल तितकी पिशवी भरेल आणि तहान वाढेल. अशांना डॉक्टर साधं पाणी मोजून द्यायला सांगतात आणि बाकीचं मिठाचं द्रावण, काही वेळा नेहमीच्या ओआरएसपेक्षा जास्त मिठाचं.

शहाळ्याचं पाणी ही ओआरएसची जागा नाही. २०० मिलीत पोटॅशियम ३५० ते ५०० मिलीग्रॅम, चांगलंच आहे, पण सोडियम फार कमी. मोठं आतडं शाबूत असलेल्या, कोलायटिसच्या माणसाला रोज एक शहाळं जेवणाबरोबर चालेल. पिशवीवाल्याने त्यात चिमूटभर मीठ टाकून, पेलाभरापुरतंच. रस्त्याकडेच्या गुऱ्हाळातला उसाचा रस आजार उसळला असताना नकोच. एवढी साखर जुलाब वाढवते. बर्फाचं पाणी कुठलं हेही कळत नाही, आणि ॲझाथायोप्रिन किंवा बायोलॉजिकल इंजेक्शनवर असलेल्या माणसाला तो धोका परवडणारा नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाबद्दलही हेच. तांब्यात फेसाळणारं ते दूध कोल्हापूरकराला कितीही जवळचं असलं, तरी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना दूध उकळूनच प्यायचं.

ताटात काय, किती

भारतीय माणसासाठी दिवसाचं पोटॅशियम सुमारे ३,५०० मिलीग्रॅम धरतात. आजार उसळलेला असताना, चोथा कमी ठेवूनही, तिथवर जाता येतं. मूत्रपिंड ठीक असलेल्या माणसाचा एक दिवस असा बसतो: एक मध्यम केळं ३५०, दोन वाट्या दही (२०० ग्रॅम) ३००, सोललेला बटाटा २०० ग्रॅम ६५०, चाळीस ग्रॅम कोरड्या तूरडाळीचं गाळलेलं वरण ५००, तीनशे ग्रॅम मऊ भात १००, पेलाभर शहाळ्याचं पाणी ४००, शंभर ग्रॅम कोंबडी २५०, लिटरभर ओआरएस ७८०. बेरीज ३,३३०. भाताकडे बघा: एवढा भात, फक्त शंभर. नुसत्या दहीभातावर दिवस काढणाऱ्यांचं पोटॅशियम का घसरतं ते इथे दिसतं. दहीभात सोडू नका, त्यात कुस्करलेला बटाटा आणि गाळलेलं वरण घाला.

बटाट्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. ते टिकवायचं असेल तर अख्खा बटाटा सालीसकट कुकरला लावा, मग सोला. फोडी करून उकळून पाणी ओतलं की सुमारे अर्धं गेलं. किसून उकळला तर पाऊण. (पोटॅशियम वाढलेल्या माणसाने नेमकं हेच करायचं, पुढे येतंय.)

वरणासाठी तूरडाळ तास-दोन तास भिजवून, चांगली मऊ शिजवून, घोटून, बारीक गाळणीतून पळीने दाबत गाळा. गाळणीत राहतं ते टरफल आणि चोथा, वाटीत येतं ते दाट पिवळं वरण. हिंग, हळद, मीठ, चमचाभर तुपात जिरं घालून. गॅस फार होत असेल तर तुरीऐवजी मुगाची धुतलेली डाळ. कांदा-लसूण मसाला आजार शांत होईपर्यंत बाजूला.

आता अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. कोल्हापुरात आजारी माणसाला अळणी पाजायची रीत आहे, आणि ती शहाणपणाची आहे, फक्त तिच्यात पोटॅशियम किती याबद्दल भ्रम नको. पाव किलो हाडासकट मटणात मांस धरा १८० ग्रॅम, त्यात पोटॅशियम साधारण ५५० मिलीग्रॅम. शिजताना अर्धं पाण्यात उतरलं तरी सगळ्या भांड्यात पावणेतीनशे. एका वाटीला शंभरच्या आतच. अळणीचा खरा फायदा मीठ आणि पाणी, आणि भूक मेलेल्या माणसाच्या पोटात काहीतरी जाणं. मटण धुऊन, हळद, मीठ आणि आलं-लसणाचा नुसता रस लावून लिटरभर पाण्यात मंद आचेवर शिजवा. मलमलच्या फडक्यातून गाळा. गार करून फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन तासांत वर पांढरा, घट्ट थर येतो, तो चमच्याने उचलून टाका आणि मगच पुन्हा खळखळून उकळा. लहान आतड्याचा शेवटचा भाग आजारी असलेल्यांना किंवा काढलेल्यांना ती चरबी पचत नाही, तेलकट जुलाब होतात आणि मॅग्नेशियमही सोबत जातं. याच कारणाने नारळाचं दूध, काजू, खसखस घातलेला पांढरा रस्सा तूर्तास नको. तांबडा रस्सा आणि मिसळीचा कट यांची पाळी आजार शांत झाल्यावर.

गुळाबद्दल इथे सगळ्यांनाच अभिमान, आणि कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही आहे. गुळात साखरेपेक्षा पोटॅशियम खूप जास्त असतं हे खरं, शंभर ग्रॅममागे हजार मिलीग्रॅमच्या घरात, ऊस आणि जमिनीप्रमाणे कमी-जास्त. पण खडा आपण खातो वीस ग्रॅमचा. त्यातून दोनशे. काकवीची वाटी प्यायलात तर पोटॅशियमपेक्षा साखर जास्त जाऊन जुलाब लागतील. भाकरीबरोबर चव म्हणून ठीक, उपाय म्हणून नाही.

पालक, रताळं, बदाम ही नावं पोटॅशियमच्या प्रत्येक यादीत असतात. क्रोन्समध्ये लहान आतडं आजारी असून मोठं आतडं जागेवर असेल, तर चरबी न पचल्यामुळे ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि मुतखडे होतात. अशांनी ऑक्झलेट भरपूर असलेल्या या तिन्हींपासून दूर राहून बटाटा, केळं, दही, शहाळं यांवर भर द्यावा.

आतडं कुठे अरुंद झालं असेल तर डाळिंबाचे दाणे, संत्र्याच्या फोडी, मटकी, शेवग्याच्या शेंगा, सुकं अंजीर, कच्चं खोबरं अडकू शकतं. संत्र्याचा गाळलेला रस चालतो, पाणी मिसळून, अर्धा पेला.

सिरप आणि गोळी

पोटॅशियम क्लोराइडच्या नेहमीच्या सिरपमध्ये १५ मिलीत २० एमईक्यू असतं, म्हणजे ७८० मिलीग्रॅम. मात्रा डॉक्टर ठरवतील, घेण्याची रीत तुमच्या हातात आहे. जेवणानंतर, पेलाभर पाण्यात मिसळून, पाच-दहा मिनिटांत घोट-घोट. तसंच नुसतं गिळलं तर पोटात आग पडते, उलटी होते, आणि मग माणूस औषधच सोडतो. बिनसाखरेच्या सिरपमध्ये कधी सॉर्बिटॉल असतं, त्याने जुलाब वाढतात. बाटलीवर ते नाव दिसलं तर दुसरं मागा.

हळूहळू विरघळणारी गोळी पोटाच्या रुग्णांत दोन ठिकाणी फसते. आतडं अरुंद असेल तर ती तिथे अडकून जखम करू शकते, म्हणून अशांना ती द्यायचीच नसते. आणि आतडं आखूड असेल तर ती पुरती विरघळण्याआधीच पिशवीत येते. पिशवीत अख्खी गोळी किंवा तिचं टरफल दिसलं तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

जुलाब थांबवायची लोपेरामाइड गोळीही गळती कमी करते, जेवणाआधी अर्धा तास घेतात. पण रक्त पडत असेल, ताप असेल, पोट फुगलं असेल तर ती घेऊ नका. तीव्र कोलायटिसमध्ये मोठं आतडं फुगून बसण्याचा धोका असतो, आणि पोटॅशियम कमी असताना तो आणखी वाढतो.

आणि अचानक वर गेलं तर

कालपर्यंत ३.२ आणि आज ५.७, हेही याच रुग्णांत घडतं. बहुतेकदा असं झालेलं असतं: जुलाबाने शरीर सुकलं, मूत्रपिंडाचं काम मंदावलं, आणि सिरप, शहाळी, केळी पूर्वीच्याच मापाने चालू राहिली. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा सोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर आकडा भराभर चढतो. को-ट्रायमोक्साझोल, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, गुडघेदुखीच्या गोळ्या हेही वर नेतात. म्हणून जोराचे जुलाब सुरू झाल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून विचारायचं, 'बीपीची गोळी आज घेऊ की थांबवू?'

घरातलं मीठही बघा. 'कमी सोडियम'च्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. त्याचं प्रमाण ३० टक्के असेल, तर दिवसाच्या पाच ग्रॅम मिठातून जवळपास ७८० मिलीग्रॅम पोटॅशियम जातं, आणि ते कुणाच्या हिशोबात नसतं. पिशवीवाल्यांना तर हे मीठ दोन्हीकडून चुकीचं, कारण त्यांना सोडियमच हवं असतं.

आकडा उतरवायला फोडी लहान करा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओता. भाज्या, बटाटा, भिजवलेली डाळ, सगळ्यालाच हे लागू. नुसतं रात्रभर भिजत घालून विशेष काही निघत नाही, उकळी यावी लागते. मटण एकदा उकळून ते पाणी टाकून द्या, अळणी या काळात नको. मूत्रपिंड कमजोर असेल तर करंबळ (स्टार फ्रूट) हे फळ अजिबात खाऊ नका. ते मेंदूवर परिणाम करतं, पोटॅशियमचा प्रश्न त्यापुढे लहान आहे.

थांबायचं नाही, निघायचं

पोटॅशियम ३.० च्या खाली किंवा ६.० च्या वर. छातीत धडधड, ठोका चुकल्यासारखं वाटणं, चक्कर येऊन पडणं. मांड्यांत ताकद न राहणं, जिना चढता न येणं. पोट टम्म फुगून वारा-शौच दोन्ही बंद, कारण पोटॅशियम फार उतरलं की आतडंच हालायचं थांबतं. लघवी दिवसभरात जेमतेम. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर ३.५ च्या खालचाही आकडा तातडीचाच. यांतलं काहीही झालं तर ईसीजी निघेल अशा जवळच्या दवाखान्यात जा. चंदगड, गगनबावडा, आजऱ्याकडच्या लोकांनी थेट कोल्हापूर शहरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) गाठण्याच्या नादात वाटेतला ईसीजी चुकवू नये. १०८ ला फोन करताना 'पोटॅशियम' हा शब्द आणि आकडा सांगा.

वहीत काय लिहायचं

रोजचं वजन, सकाळी, लघवी-शौचानंतर. शौचाच्या वेळा, किंवा पिशवी रिकामी करताना मापाच्या भांड्यातले मिलीलिटर. ओआरएस किती प्यायलं. औषधातला प्रत्येक बदल, तारखेसह. आणि तपासणीच्या ओळीत चार आकडे एकत्र: सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन. नुसतं पोटॅशियम लिहून काही कळत नाही. जुलाबांमुळे रक्तात आम्ल वाढलेलं असताना पोटॅशियम पेशींतून बाहेर येऊन ३.६ असं बरं दिसतं, आणि आम्ल दुरुस्त झालं की तूट उघडी पडते. म्हणून उसळलेल्या दिवसांत बायकार्बोनेटचा पाचवा आकडाही मागून घ्या. खाण्यात किंवा सिरपमध्ये बदल केला की पुढची तपासणी पाच ते सात दिवसांत, शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी, मूठ न आवळता.